चारपैकी एक

१८ एप्रिल

मावशी,

माझी बदली झाली. कॉलेजच्या ग्रंथालयातून उचलून मला दुसऱ्या मजल्यावरच्या एका नव्या खोलीत आणून बसवलंय. दारावर पाटी आहे, 'शिक्षणफलित कक्ष'. कक्षात मी एकटीच. मुली आपल्याकडे येऊन नक्की काय शिकल्या हे मोजायचं आणि चित्र काढून दाखवायचं, एवढंच काम. ऐकायला सोपं वाटतं ना? मलाही पहिले दोन दिवस वाटलं.

तू निवृत्त झाल्यावर कार्यालयाचे प्रमुख म्हणून ओगुशीसाहेब आले. ते म्हणतात, 'काय शिकवलं ते आता कुणी विचारत नाही. काय शिकले ते दाखवा.' म्हणून प्रत्येक मुलीकडून प्रवेशाच्या वेळी एक कागद भरून घेतात आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा तोच. सहा वाक्यं असतात. 'समोरच्या माणसाच्या मनातलं मला ओळखता येतं.' 'माणसाला न दुखवता उचलता-बसवता येतं.' अशी. प्रत्येकापुढे एक ते चार आकडे. एक म्हणजे अजिबात नाही, चार म्हणजे उत्तम. मुलीनं स्वतःच गोल करायचा. ते सहा आकडे जोडले की कोळ्याच्या जाळ्यासारखं चित्र होतं. पहिल्या वर्षीचं निळं, दुसऱ्या वर्षीचं लाल. लाल जाळं निळ्याच्या बाहेर पसरलं, की मुलगी शिकली.

अन्नपोषण विभागाचं लाल बाहेर गेलंय. बालसंगोपनाचंही. शुश्रूषा विभागाचं मात्र आत गेलंय, मावशी. दोन वर्षं शिकून पोरी जास्त अडाणी होऊन बाहेर पडतात, असं चित्र सांगतंय. तुझा विभाग! तू एकतीस वर्षं दिलीस तो. ओगुशीसाहेबांनी कागद बघितला आणि चहा तसाच ठेवून उठून गेले. नोव्हेंबरात तोक्योहून तपासनीस येणार आहेत. चाळीस जागांवर दोन्ही वर्षांच्या मिळून सतरा मुली उरल्यात. वाढ दिसली नाही तर विभागाचे प्रवेशच बंद करायचे, असं कानावर आलंय.

आणखी एक. जुलैत प्रत्येक मुलीला तिचं चित्र छापून द्यायचंय. ज्यांचं जाळं आकसलंय त्यांच्या कागदाखाली एक वाक्य हवं. ते मी लिहायचं. मला सुचत नाही. तू सांग.

मिनाए

६ मे

मिनाए,

डोंगरावरच्या चेरीचा बहर संपला, आता बांबूचे कोंब जमीन फोडून वर येताहेत.

हे बघ, याला पत्राची सुरुवात म्हणतात. आधी ऋतूचं एक वाक्य, मग आपलं रडगाणं. दहा वर्षांची होतीस तेव्हा शिकवलं होतं. चौतिसाव्या वर्षी विसरलीस. तुझं लाल जाळं कुठं गेलं ते कळलं.

विभागाचं वाचून मात्र अंगाचा तिळपापड झाला. पोरी अडाणी होऊन बाहेर पडतात म्हणे! माझ्या वेळी हे असले कागद नव्हते. मी पलंगावरची चादर बघायची. कोपऱ्याला सुरकुती दिसली की उपसून पुन्हा घालायला लावायची. अकरा वेळा घालायला लावलंय एकीला. आता तिथं नोबुहारा शिकवते. मऊ बाई. 'छान, छान' करत वर्गातून फिरते. जाळं आकसणार नाही तर काय होणार?

म्हणून तुझं वाक्य कडक हवं. लिही: 'आपली वाढ अपुरी आहे. स्वतःकडे पुन्हा पाहा.' गोड बोलून कुणी शिकलेलं मी पाहिलेलं नाही. रडतील थोड्या. रडू देत.

बांबूचे कोंब पाठवतेय. तांदळाच्या कोंड्यात उकडून घे, नाहीतर घशाला खाजतील आणि मला शिव्या देशील.

शिनो

१० जून

मावशी,

पाऊस आठवडाभर ठाण मांडून आहे आणि माझ्या कक्षाच्या भिंतीला बुरशी आलीय. (घे तुझं ऋतूचं वाक्य.)

कोंब छान होते. तुझं वाक्य ओगुशीसाहेबांना फार आवडलं. 'नेमकं आहे,' म्हणाले. मी संगणकात घातलं. आता ज्या मुलीचं लाल आत जाईल तिच्या कागदाखाली ते आपोआप छापून येईल. मला बोटसुद्धा लावायला नको. खरं सांगू? त्याचंच बरं वाटलं.

तुझा फोन लागत नाही. तीन वेळा केला. ओबोनला, पितरांच्या सणाच्या सुटीत येऊ का? घर झाडून देईन, थडग्यांवर पाणी घालू, आणि तू मला दोन दिवस मनसोक्त बोलून घे.

मिनाए

२८ जून

मिनाए,

हायड्रेंजिया निळी फुललीय, पण यंदा रंग जरा फिका आहे.

फोन मी काढून टाकला. दिवसभर पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणारे छळतात. अक्षर वेगळं दिसतंय म्हणून दचकू नकोस. अंगणात पाय घसरला आणि उजवं मनगट मुरगळलं. ओळखीतली एक पोर शनिवार-रविवारी येते, ती लिहून देते. मी सांगते, ती लिहिते. एकोणीस-वीस वर्षांची आहे. अक्षर वाटोळं आहे, पण पोर नीट आहे. (हे वाक्य लिहायला ती तयार नव्हती. मी म्हटलं, सांगितलंय ते लिही.)

ओबोनला येऊ नकोस. घराची डागडुजी काढलीय, झोपायला जागा नाही. थडगी शेजारचे धुतील. तुझ्या आईला मनगटाचं बोलू नकोस. ती लगेच घर विकायच्या गोष्टी काढेल.

जेवणाची घंटा झाली. थांबते.

शिनो

३० जुलै

मावशी,

ऊन असं आहे की सायकलींच्या गाद्या हाताला चटके देतात.

तुझ्या घरी जेवणाची घंटा कधीपासून वाजते? शाळेचा भोंगा असेल म्हणून सोडून दिलं, पण डोक्यातून जात नाही.

इकडे चित्रं वाटून झाली. मुलगी, तिची वर्गशिक्षिका आणि कोपऱ्यात नोंदी घेणारी मी. शुश्रूषेच्या दुसऱ्या वर्षाच्या नऊजणी. नऊच्या नऊ जणींचं लाल आत. बहुतेक जणी वर्गशिक्षिकेला 'हो, सेन्सेई' म्हणून कागद पिशवीत घालून गेल्या. एकीचं मात्र बघवेना. प्रवेशाच्या वेळी सगळीकडे चार होते तिचे, आता सगळीकडे एक. लाल जाळं म्हणजे नुसता ठिपका. खाली तुझं-माझं वाक्य. तिनं ते दोनदा वाचलं, कागदाची घडी घातली, घडीची घडी, अशी आठ पदरी करून मुठीत धरली आणि वाकून आभार मानले. आभार, मावशी! नाव सांगत नाही, नियम आहे. केसांत पिवळी पिन लावते. आजीनं वाढवलेली मुलगी आहे.

मग ओगुशीसाहेबांनी डोकं चालवलं. 'आपल्या पोरींना विनयाची सवय. विनय बाजूला ठेवून पुन्हा भरा, असं सांगा.' मी फळ्यावर तसं लिहिलं. दहा मिनिटांत आठजणींनी सहाही प्रश्नांना चार दिले. एकसारखे. सांगितलं तसं केलं पोरींनी. साहेब खूश. नोव्हेंबरात हेच चार दाखवायचे ठरलंय. त्या पिवळ्या पिनवालीनं मात्र पुन्हा सहाच्या सहा एक. साहेब म्हणाले, 'हट्टी आहे, नाहीतर मंद.' मला वाटतं, दोन्ही असेल.

मिनाए

५ सप्टेंबर

मिनाए

ऋतू राहू दे. डाव्या हातानं लिहितेय. वाकडं दिसेल. त्या पोरीकडून हे लिहून घेता येत नाही, कारण पत्र तिच्याबद्दल आहे.

मी घरी नाही. वीस मेपासून गावाखालच्या वृद्धाश्रमात आहे. अंगणात पडले ते मनगटावर थांबलं नाही, मांडीचं हाडही मोडलं. पत्रं टपाल कचेरीतून इकडे वळवून घेते. घराची डागडुजी वगैरे खोटं. घंटा इथलीच. तुला सांगितलं नाही, कारण लाज वाटली. एकतीस वर्षं मी पोरींना शिकवलं, म्हाताऱ्या माणसाची चड्डी त्याचा मान न जाऊ देता कशी बदलायची. माझ्यावर ती पाळी आली तेव्हा कुणी बघू नये असं वाटलं. तू तर नाहीच नाही.

इथं शनिवार-रविवारी मदतीला एक मुलगी येते. माकी त्सुबोता. याच डोंगरात तिचं गाव. आठवडाभर तुमच्याकडे शिकते, शुक्रवारच्या बसनं परत येते. केसांत पिवळी पिन. माझी पत्रं तीच लिहिते. तुझं पत्र मी स्वतः वाचते, तिला दाखवत नाही, एवढं तरी बरं केलं.

परवा तिनं एप्रन खुंटीला लावला आणि खिशातून आठ पदरी कागद पडला. मी म्हटलं काय आहे, दाखव. दाखवला. खाली माझं वाक्य. मला वाचून दाखवलं तिनं, शांतपणे. 'सेन्सेई, बरोबर लिहिलंय. मी कॉलेज सोडतेय. महिनाअखेरी अर्ज पुढे जाईल. मला हे काम जमत नाही, हे आताच कळलेलं बरं.'

जमत नाही!

ऐक, ती काय करते. माझ्या खोलीचं दार वाजवते आणि थांबते. इथले सगळे दार वाजवतात. वाजवता वाजवता आत येतात. ती मी 'ये' म्हणेपर्यंत बाहेर उभी राहते. साडेतीन महिन्यांत दारामागून उत्तराची वाट बघणारी ती एकटी. शेजारच्या खोलीत कादोवाकी म्हणून आडदांड गृहस्थ आहेत, आंघोळीचं नाव काढलं की लाथ मारतात. ती आंघोळीचं बोललीच नाही. गरम पाण्याचं तसराळं आणून त्यांच्या पायाशी ठेवलं, शेजारी बसली आणि खेकडे पकडायचं जाळं कसं विणतात ते विचारलं. ते बोलत राहिले आणि आपणहून पाय पाण्यात टाकला. तिसऱ्या आठवड्यात टबात बसले. कुणी शिकवलं हिला?

मी विचारलं, मग एक का गं लिहिलास, गाढवे. म्हणाली, 'प्रवेश घेतला तेव्हा चार लिहिले, कारण माझी आजी मला कळायची. सगळ्या आज्या कळतील असं वाटलं. मग प्रशिक्षणाला गेले. तिथं इवासे आजी माझ्या हातचा घास थुंकायच्या. तीन आठवडे मला वाटलं, त्यांना मी आवडत नाही. शेवटी कळलं, कवळी टोचत होती. तीन आठवडे त्यांना दुखत होतं आणि मी माझ्या आवडी-नावडीचा विचार करत बसले. आता समोरच्याच्या मनातलं ओळखता येतं, याला मी चार कसे देऊ?'

मिनाए, हा एक म्हणजे कमी नाही गं. हाच शिकण्याचा आकडा आहे. तुमच्या सगळ्या पोरींचं लाल आत जातं, कारण त्या खऱ्या माणसांजवळ जाऊन आल्यात. नोबुहाराला मी नावं ठेवली. चूक माझी. वाक्य माझं. आणि ज्या पोरीनं माझा मान राखला तिच्या हातात ते मी दिलं. मला फार वाईट वाटतंय. हात दुखतोय म्हणून पुरे करते, वाईट वाटणं संपलं म्हणून नाही.

काहीतरी कर. आणि फळांची करंडी घेऊन रडत येऊ नकोस.

शिनो

९ सप्टेंबर

मावशी,

ऋतूचं वाक्य आज मिळणार नाही.

साडेतीन महिने! हाड मोडून साडेतीन महिने पडून आहेस आणि मला हायड्रेंजियाचा रंग कळवतेस! मी इकडे तुझ्या घराच्या डागडुजीसाठी पडदे बघत होते. इतकी चिडलेय की हे तिसऱ्यांदा लिहितेय, दोन फाडले. बुधवारी येणार आहे. बुधवारी त्सुबोता नसते. रडणार नाही. करंडी आणणार नाही. बोलणार मात्र आहे, आणि तू पलंगावरून उठून जाऊ शकत नाहीस.

आता तिचं. तुझं पत्र वाचून खाली गेले तर तिचा अर्ज वाटेतच होता. आमच्याकडे कॉलेज सोडायच्या अर्जावर पाच चौकटी असतात, प्रत्येकीत एकेक शिक्का. वर्गशिक्षिका, विभागप्रमुख, शुल्क खिडकी, मग माझा कक्ष, शेवटी ओगुशीसाहेब. माझी चौकट यंदाच वाढवलीय, 'शिक्षणाच्या फलिताची नोंद' म्हणून. तीन शिक्के पडले होते. कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' लिहिलं होतं. सगळ्याच तसं लिहितात. मी गेल्या वर्षीचे अर्ज काढून बघितले. शुश्रूषेच्या चारजणी सोडून गेल्या, चारही 'वैयक्तिक'. जायच्या आधी त्यांनी कुणाचं काय वाक्य ऐकलं होतं कुणास ठाऊक.

अर्ज आज माझ्या टेबलावर आला. शिक्का ड्रॉवरमध्ये आहे आणि ड्रॉवरची किल्ली हरवली. सकाळपासून शोधतेय असं साहेबांना सांगितलं. किल्ली माझ्या बुटात आहे, टाचेला टोचतेय. महिनाअखेरीपर्यंत एवढंच जमेल. त्यापुढे तिनं स्वतः येऊन अर्ज मागे घ्यायला हवा. मी तिला काय सांगू? ज्या बाईनं कोपऱ्यात बसून नोंदी घेतल्या, तिचं ती का ऐकेल? तिला मी मंद म्हटलं, मावशी. तुला लिहिलं होतं ते मला पाठ आहे.

तू सांग तिला. तूच सांगू शकतेस.

मिनाए

२४ सप्टेंबर

मिनाए,

बाहेर कुंपणाशी लाल लिली उगवल्यात, न बोलावता, दर वर्षीसारख्या. हेही डाव्याच हातानं लिहितेय.

बुधवारी रडणार नाही म्हणाली होतीस. रुमाल इथं विसरलायस, धुवून ठेवलाय. पर्सिमन मात्र तुला अजून सोलता येत नाही. अर्धं फळ सालीबरोबर गेलं.

त्या पोरीला मी आधी सरळ सांगून बघितलं. 'तू चांगली आहेस, जाऊ नकोस.' ती म्हणाली, 'सेन्सेई दयाळू आहेत.' झालं! आमच्याकडे दयाळू म्हणजे विषय संपला. मग तू ठेवून गेलेला कोरा कागद काढला. म्हटलं, माझा हात चालत नाही, मी सांगते तसे गोल कर.

तिनं वाचलं, 'समोरच्या माणसाच्या मनातलं मला ओळखता येतं.' मी म्हटलं, एक. तिनं माझ्याकडे बघितलं, गोल केला. 'माणसाला न दुखवता उचलता-बसवता येतं.' एक. मला उचलतात तेव्हा कुठं काय दुखतं ते आता कळतंय. एकतीस वर्षं मी ते उलटं शिकवत आले. तिसरं, एक. चौथ्याला तिनं पेन्सिल खाली ठेवली.

'असं नका करू.'

'कर म्हटलं ना.'

'हे खोटं आहे. सेन्सेईंनी एकतीस वर्षं शिकवलंय. इथं काम करणाऱ्या निम्म्या बायका तुमच्या हाताखाली शिकल्यात. हे बघून कुणाला वाटेल, तुम्हाला काहीच येत नाही!'

आवाज चढवला तिनं. चार महिन्यांत पहिल्यांदा. बाहेरून कादोवाकी ओरडले, काय झालं म्हणून.

मी म्हटलं, 'मग तुझा कागद खरा आणि माझा खोटा कसा?'

  ती खिडकीबाहेर बघायला लागली. मग पेन्सिल उचलली आणि उरलेले तीन एक करून दिले.  जाताना दाराशी थांबून विचारलं, 'सेन्सेई, तुम्ही सोडावंसं वाटलं होतं कधी?' मी म्हटलं, दर मार्चला.

भरलेला कागद सोबत आहे. माझं चित्र काढ, खाली माझंच वाक्य छाप आणि ज्याला दाखवायचं त्याला दाखव. तोक्योच्या लोकांना पण. नाव झाकू नकोस.

शिनो

२२ नोव्हेंबर

मावशी,

जिन्कोची पिवळी पानं सायकलींवर पडून सगळ्या एकाच रंगाच्या दिसताहेत.

आधी आनंदाचं. तीस सप्टेंबरला दुपारी त्सुबोता माझ्या कक्षापाशी आली. दार वाजवलं. मी सवयीनं काही बोलले नाही, लोक येतातच आत. दार उघडेना. मग आठवलं आणि 'या' म्हटलं. ती आत आली, 'माझा अर्ज परत मिळेल का?' म्हणाली. मी बूट काढला, किल्ली काढली, ड्रॉवर उघडून अर्ज दिला. ती बुटाकडे बघत राहिली. मी तिला सांगितलं, वाक्य मी छापलं होतं, आणि तू मंद आहेस असं मी लिहिलं होतं. माफ कर. ती म्हणाली, 'सेन्सेईंच्या बोलण्यातून मला तुम्ही ओळखीच्या वाटता. ऋतूचं वाक्य विसरणाऱ्या.'

आता परवाचं. तपासनीस तिघं होते. सगळ्यांत वयस्कर एक बाई, कानाला यंत्र लावलेल्या. ओगुशीसाहेबांनी आठजणींचे चार भिंतीवर दाखवले. लाल जाळं इतकं फुगलेलं की निळं दिसेना. मग माझी पाच मिनिटं. मी जुलैचं पहिलं चित्र लावलं आणि सांगून टाकलं, चार आम्ही मागून घेतलेत, खरे हे आहेत. साहेबांचा चेहरा मी बघितला नाही. बघायची हिंमतच नव्हती.  मग तुझं चित्र लावलं. सगळीकडे एक. मधोमध ठिपका, खाली 'आपली वाढ अपुरी आहे. स्वतःकडे पुन्हा पाहा.'

त्या बाईंनी विचारलं, 'ही विद्यार्थिनी कुठल्या वर्षाची?'

मी म्हटलं, 'या विभागात एकतीस वर्षं शिकवलेल्या सेन्सेई. वय एकाहत्तर. सध्या स्वतः वृद्धाश्रमात आहेत. आमची एक विद्यार्थिनी त्यांना न्हाऊ घालते.'

मग इवासे आजींच्या कवळीचं सांगितलं. दाराचं सांगितलं. पाचाची अकरा मिनिटं झाली. बाईंनी कानाचं यंत्र नीट केलं आणि म्हणाल्या, 'मग तुम्ही कागदावर विचारताय तरी काय?'   मी म्हटलं, 'चुकीचा प्रश्न विचारतोय, एवढं कळलंय.' त्यांनी लिहून घेतलं. 'नोंद घेतली,' म्हणाल्या. बस, एवढंच.

बैठक संपल्यावर साहेब जिन्यात म्हणाले, 'तुम्ही स्वतःचं आणि विभागाचं, दोघांचं वाटोळं केलंत.' केलं असेल. निकाल मार्चमध्ये. तोवर हाती काहीच नाही. ते वाक्य मात्र मी त्याच संध्याकाळी संगणकातून काढलं. त्या जागी आता कोरी ओळ छापून येते, मुलीनं स्वतः लिहायला.

मिनाए

१४ मार्च

मावशी,

प्लम फुलून गेले तरी वारा अजून बोचरा आहे.

निकाल आला. शुश्रूषा विभागाबद्दल एकच वाक्य आहे: 'फलित मोजण्याच्या पद्धतीचा पुनर्विचार व्हावा.' पोरी शिकल्या नाहीत असं कुठंही म्हटलेलं नाही. साहेब म्हणतात, ही फटकार आहे. नोबुहारा-सेन्सेई म्हणतात, आपण वाचलो. मी ते वाक्य इतक्या वेळा वाचलंय की आता त्यात काहीच दिसत नाही. प्रवेश मात्र यंदा चालू आहेत. अकरा अर्ज आलेत.

माझी एप्रिलपासून बदली. व्यायामशाळा आणि तरण तलावाच्या किल्ल्या सांभाळायच्या. किल्ल्यांचा अनुभव आहे असं साहेबांच्या कानावर गेलं असावं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. त्या खोलीतून निघताना पाटी हातानं पुसली.

काल पदवीदान झालं. त्सुबोता किमोनोत होती, पिवळी पिन तशीच. शेवटचा कागद तिनं माझ्यासमोर भरला. सहाच्या सहा एक. खालच्या कोऱ्या ओळीत लिहिलं: 'एकाहत्तर वर्षांची झाले की पुन्हा विचारा.' एक तारखेपासून ती तुझ्याकडे पूर्णवेळ रुजू होतेय. तुला माहीत असेलच. कागदाची एक प्रत तिनं मागून घेतली. या वेळी घडी घातली नाही, पाठीशी पुठ्ठा लावून नेली.

मिनाए

३ एप्रिल

मिनाए,

चेरी उद्या फुलेल असं सगळे म्हणतात. गेले चार दिवस हेच म्हणताहेत.

मनगट बरं आहे, म्हणून अक्षर पुन्हा माझं. कुरूप आहे, पण माझं आहे. तलावाच्या किल्ल्यांचं मनाला लावून घेऊ नकोस. उन्हाळ्यात मला चाकाच्या खुर्चीतून तिथं घेऊन चल, पाण्यात पाय सोडून बसू.

परवा, एक तारखेला सकाळी माझं दार वाजलं. नवा गणवेश असणार, हे आतून कळत होतं. कापडाचा आवाजच वेगळा. मी मुद्दाम उत्तर दिलं नाही. म्हटलं, आता पगारी माणूस झालीय, बघू किती थांबते. एक मिनिट गेलं. व्हरांड्यातून चहाची गाडी गेली, कुणीतरी तिला 'अगं जा की आत' म्हणालं. ती गेली नाही. नंतर माझंच चुकलं असं वाटायला लागलं. बाहेर तिला काळजी वाटत असेल, म्हातारी मेली तर नाही. तरी दाराला हात लावला नाही. दुसऱ्यांदा हलकं वाजवलं आणि म्हणाली, 'सेन्सेई, मी इथंच आहे. घाई नाही.'

मग माझ्याच्यानं राहवलं नाही. 'ये' म्हटलं. डोळे पुसेपर्यंत ती आत आली होती. तिनं ते बघितलं आणि बघितलं नाही असं करून खिडकीचा पडदा सारायला गेली. पाठमोरीच म्हणाली, 'सेन्सेई, मुद्दाम केलंत ना? मग सांगा, पहिल्या प्रश्नाला, समोरच्याच्या मनातलं ओळखण्याच्या, आज मला किती?'

मी विचार केला. एकतीस वर्षांत इतका विचार करून कुणाला गुण दिले नव्हते.

म्हटलं, 'दीड.'

ती इतकी हसली की कादोवाकी बघायला आले. तेव्हा मिनाए, तुझ्यामागून त्या खोलीत जे कुणी बसेल त्याला सांग, कागदावर दीडला जागा करून ठेव.

शिनो